नव्वद दिवसांचा ट्रान्समीटर खरोखर किती दिवस चालतो?

९०, १०० आणि ११०. डेक्सकॉम जी६ या साखरमापकाचा ट्रान्समीटर मुदतीनंतर किती चालतो, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. कंपनी हमी देते ९० दिवसांची. साधारण १००व्या दिवसापर्यंत त्याच्यावर नवा सेन्सर सुरू करता येतो. ११०व्या दिवसाच्या सुमारास तो कायमचा गप्प होतो, मग दंडावरचा सेन्सर ठणठणीत का असेना. मुदतीनंतरचं वाढीव आयुष्य फार तर २० दिवसांचं, म्हणजे २२ टक्के.

पुण्यात ज्या घरात टाइप वन मधुमेहाचं मूल आहे, तिथे या २० दिवसांची चर्चा औषधांच्या बिलाइतकीच गांभीर्याने होते. अमेरिकेतून येणाऱ्या मावशीच्या बॅगेतून डेक्सकॉमचे खोके येतात, इन्शुलिन पंपावरच्या मुलांकडे मेडट्रॉनिकचा शिंपल्याच्या आकाराचा ट्रान्समीटर असतो आणि बाकी बहुतेकांच्या दंडावर लिब्रेची पांढरी चकती दिसते. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो : मुदत संपली, पण चालतंय तर, मग टाकायचं कशाला? या प्रश्नाला तीन उपकरणांची तीन वेगळी उत्तरं आहेत.

एका खोक्यात तीन घड्याळं

सततच्या साखरमापनाची, म्हणजे सीजीएमची, रचना थोडक्यात अशी. त्वचेखाली केसासारखी एक तार असते. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेझ नावाच्या विकराचा थर असतो. पेशींभोवतालच्या द्रवातली साखर या थराला भिडली की अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. हा झाला सेन्सर. तो प्रवाह मोजून, त्याचा आकडा करून मोबाइलकडे किंवा पंपाकडे धाडणारा इलेक्ट्रॉनिक तुकडा म्हणजे ट्रान्समीटर.

यात ‘मुदत’ एक नसते, तीन असतात. पहिली खोक्यावरची, वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारी छापलेली तारीख. तोवर सेन्सर वापरायला काढायचा असतो. ती रसायनाची मुदत. दुसरी अंगावर लावल्यापासूनची : ६, ७, १०, १४ किंवा १५ दिवस. ती रसायनाची, शरीराची आणि सॉफ्टवेअरची मिळून ठरते. तिसरी ट्रान्समीटरची. ती सेलची आणि आतल्या दिनगणकाची. पहिल्या दोन मुदती ताणण्यातला धोका आणि तिसरी ताणण्यातला धोका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोक मात्र तिन्हींना एकच शब्द वापरतात : एक्सपायरी.

उपकरणागणिक हिशेब

- डेक्सकॉम जी४ (२०१२) : हमी ६ महिने. दिवस मोजून बंद करणारं कुलूप नव्हतं. सेल संपेपर्यंत ट्रान्समीटर चालायचा आणि वापरणाऱ्यांना हमीपलीकडचे महिने सर्रास मिळायचे.
- डेक्सकॉम जी५ (२०१५) : हमी ३ महिने, कुलूप ११२ दिवसांवर. सात दिवसांचे बरोबर १६ सेन्सर त्यात बसतात.
- डेक्सकॉम जी६ (२०१८) : हमी ९० दिवस, कुलूप ११०च्या आसपास.
- डेक्सकॉम जी७ (२०२२ अखेर) : ट्रान्समीटर सेन्सरमध्येच. १० दिवस आणि वर १२ तासांची सवलत. वाढीव आयुष्य ५ टक्के.
- मेडट्रॉनिक गार्डियन : पुन्हा चार्ज होणारा वेगळा ट्रान्समीटर, हमी १ वर्ष, सेन्सर ७ दिवसांचा. चार्ज टिकतो तोवर चालतो.
- मेडट्रॉनिक सिंप्लेरा : एकसंध, ६ दिवस आणि २४ तासांची सवलत.
- लिब्रे : एकसंध, १४ दिवस. ३३६ तास भरले की अधिकृत अ‍ॅप ‘सेन्सर संपला’ म्हणतं. वाढीव आयुष्य शून्य. नव्या लिब्रे २ प्लसवर १५ दिवस.

यादी वरून खाली वाचली की कल कळतो. २०१२ साली वाढीव आयुष्य महिन्यांत मोजलं जायचं, २०१८ पर्यंत ते २० दिवसांवर आलं, २०२२ नंतर तासांवर. ट्रान्समीटर सेन्सरमध्ये विरघळला आणि ‘मुदतीनंतर किती चालतो’ हा प्रश्नच मोडीत निघत चालला. अपवाद मेडट्रॉनिकच्या चार्ज होणाऱ्या शिंपल्याचा. तिथे तो अजून जिवंत आहे, आणि पुण्यात पंप वापरणाऱ्या कुटुंबांना खऱ्या अर्थाने लागू पडतो तो तिथेच.

सेल किती उरलाय, हे का कळत नाही

जी६चा ट्रान्समीटर दर ५ मिनिटांनी एक आकडा पाठवतो. दिवसाला २८८. ९० दिवसांत २५,९२० आणि ११० दिवसांत ३१,६८०. एवढं काम मनगटी घड्याळात असतात त्या जातीचे सिल्व्हर ऑक्साइडचे दोन बटणसेल करतात. प्रत्येकी १.५५ व्होल्ट, एकापाठोपाठ जोडून ३.१. उदाहरणादाखल ५० मिलीअँपिअर-तासांचा सेल धरला आणि तो ९० दिवस पुरवायचा म्हटलं, तर सरासरी प्रवाह २३ मायक्रोअँपिअरच्या वर जाता कामा नये. बहुतेक वेळ ट्रान्समीटर झोपलेला असतो म्हणूनच हे जमतं. जागा होऊन ब्लूटूथवर आकडा धाडण्याचा क्षण सगळ्यात महागाचा.

सिल्व्हर ऑक्साइडचा एक गुण इथे अवगुण ठरतो. हा सेल जवळजवळ शेवटपर्यंत तेच व्होल्टेज देत राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे मोबाइलच्या बॅटरीसारखं ‘३२ टक्के शिल्लक’ असं भरवशाने सांगता येत नाही. अचानक मध्यरात्री बंद पडण्यापेक्षा ठरावीक दिवशी बंद केलेलं बरं, असा विचार कंपनीने केला तर त्याला तांत्रिक आधार आहे. कुलपाने विक्री वाढते हेही खरंच. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात.

हौशी मंडळींनी बनवलेल्या एक्सड्रिपसारख्या अ‍ॅपमध्ये सेलची स्थिती दोन आकड्यांत दिसते. व्होल्टेज ए आणि व्होल्टेज बी. ३१० म्हणजे ३.१० व्होल्ट. पहिला आकडा निवांत असतानाचा, दुसरा सेलवर भार असतानाचा, म्हणून तो नेहमी थोडा कमी. जी५च्या काळापासून अ‍ॅपने इशाऱ्याची रेघ ठेवली ती पहिल्यासाठी ३०० आणि दुसऱ्यासाठी २९० वर. आकडा त्याखाली गेला की रंग बदलतो. बघायचा असतो तो दोन आकड्यांमधला फरक. तो रुंदावत गेला, की सेल भार पेलेनासा झाला असं समजायचं. मग रीडिंग तुटक यायला लागतात : एक येतं, दोन गायब, पुन्हा एक.

म्हाताऱ्या ट्रान्समीटरची खोड बहुधा अशी, चुकीचं सांगण्यापेक्षा न सांगण्याची. सेल दमला की पहिल्यांदा रेडिओ मान टाकतो, कारण वीज जास्त लागते त्यालाच. या खोडीला मोजमाप आहे. डॉक्टर जो चौदा दिवसांचा आलेख पाहून इन्शुलिन बदलतात, त्यासाठी किमान ७० टक्के रीडिंग हाताशी असावीत असं २०१९ चं आंतरराष्ट्रीय मतैक्य सांगतं. १४ दिवसांची पूर्ण रीडिंग ४,०३२, त्यांचे ७० टक्के सुमारे २,८२२. म्हणजे पंधरवड्यात चार दिवसांपर्यंतची गळती आलेख सहन करतो, त्यापुढची नाही. रात्री साखर उतरण्याचा इशारा मात्र एका तासाची गळतीही सहन करत नाही. आलेखाला चालणारा ट्रान्समीटर गजराला चालेलच असं नाही.

अकरावा सेन्सर

‘११० दिवस म्हणजे दहा-दहा दिवसांचे ११ सेन्सर’ हे गणित ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते फसतं. शेवटचा सेन्सर १००व्या दिवसाच्या आत सुरू व्हायला हवा. पहिला शून्याव्या दिवशी, दुसरा दहाव्या, असं करत अकरावा बरोबर शंभराव्या दिवशी. म्हणजे मधल्या दहा बदलांमध्ये एका तासाचीही फट चालत नाही. आता माणसाचं जगणं धरा. सेन्सर रात्री अकराला संपला, नवा सकाळी अंघोळ करून लावला. सरासरी अर्ध्या दिवसाची फट धरली तर दहा बदलांत ५ दिवस गेले आणि अकरावा सेन्सर १०५व्या दिवशी दाराशी उभा. दार बंद. हाती लागले दहाच.

थोडक्यात, हमीप्रमाणे ९ सेन्सर, व्यवहारात १० आणि कागदावर ११. मुदतीनंतर खरा मिळतो तो एक जास्तीचा सेन्सर.

पैशात किती?

आता किमती. दुकानागणिक त्या बदलतात, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी गृहीत धरू : सेन्सर ५,००० रुपये, ट्रान्समीटर १५,००० रुपये. वाचकांनी आपल्या बिलातले आकडे घालून हेच गणित पुन्हा करावं.

जी६ वर्षभर अखंड वापरला तर १० दिवसांचे ३६.५ सेन्सर, म्हणजे १,८२,५०० रुपये. ट्रान्समीटर ९० दिवसांनी बदलला तर वर्षाला ४.०६ लागतात, सुमारे ६०,८०० रुपये. बेरीज २,४३,३०० च्या आसपास. ट्रान्समीटर १०० दिवस चालवला तर बचत ६,१०० रुपयांची, ११० दिवस चालवला तर ११,१०० ची. एकूण खर्चाच्या अडीच ते साडेचार टक्के. दोन सेन्सर वेळेआधी निकामी झाले की ही बचत जवळजवळ साफ.

लिब्रेत ट्रान्समीटर वेगळा नाही, म्हणून सगळा खर्च सेन्सरचा. १४ दिवसांनी बदलायचा तर वर्षाला २६. त्याच गृहीतकाने १ लाख ३० हजार रुपये. महाराष्ट्राच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्नाचा अंदाज ३,०९,३४० रुपये आहे. म्हणजे सरासरी उत्पन्नाचे ४२ टक्के फक्त साखर मोजण्यावर. इन्शुलिन, सुया, पट्ट्या, तपासण्या वेगळ्याच.

सेन्सरची अधिकृत मुदत एका दिवसाने वाढली, १४ ची १५ झाली, की वर्षाला सेन्सर लागतात २४.३. बचत ८,७०० रुपये. कुठलंही कुलूप न तोडता मिळालेला हा एक दिवस जी६च्या दहा-वीस दिवसांच्या धडपडीच्या तोडीचा आहे. खर्च ठरतो सेन्सरच्या दिवसांवर, ट्रान्समीटरच्या नव्हे.

चार्ज होणाऱ्या ट्रान्समीटरचं गणित वेगळं आणि जास्त सुखाचं. गार्डियन सात दिवसांनी सेन्सरवरून काढायचा, चार्जरवर लावायचा. चार्जरमध्ये एक साधा ट्रिपल-ए सेल असतो. हिरवा दिवा मिचकावत राहतो, भरला की थांबतो, लाल दिसला तर आधी चार्जरचा सेल बदलायचा. वर्षाला अशी सुमारे ५२ आवर्तनं होतात. छोटे रिचार्जेबल सेल काही शेकडो वेळा भरता येतात, त्यामुळे वर्षाची हमी संपली त्या दिवशी ट्रान्समीटर संपला असं मुळीच नसतं. तो १८ महिने टिकला तर महिन्याचा खर्च एक-तृतीयांशाने उतरतो, २४ महिने टिकला तर निम्मा होतो. संपत आल्याची खूण स्पष्ट असते. पूर्ण भरूनही सातव्या दिवसापर्यंत पोचत नाही. सहाव्या दिवशी मान टाकतो, मग पाचव्या. त्या दिवसापासून नव्याची तजवीज करायची. हमी संपल्यावर तो बिघडला तर मोफत बदलून मिळणार नाही, एवढी जोखीम खिशात ठेवायची.

सेन्सर ताणायचा का?

ट्रान्समीटरमधून निघालेला मोह सेन्सरपर्यंत पोचतो आणि खरा धोका तिथे आहे. विकराचा थर दिवसागणिक झिजतो. शरीर परक्या तारेभोवती पेशींचं कुंपण घालतं. मग तारेपर्यंत साखर कमी पोचते आणि आकडा खरा वाटावा इतका नीट, पण चुकीचा येतो. ट्रान्समीटर गप्प बसतो, सेन्सर मात्र खोटं बोलतो. गप्प बसलेलं लगेच कळतं.

अचूकता मोजण्याचं माप म्हणजे एमएआरडी : प्रयोगशाळेतल्या साखरेपासून सेन्सरचा आकडा सरासरी किती टक्के दूर. जी६साठी ९.०, लिब्रे २साठी प्रौढांत ९.२, जी७साठी दंडावर ८.२ टक्के. हे आकडे अधिकृत मुदतीच्या आतले आहेत. त्यापुढे काय होतं, याची जबाबदारी कुणी घेतलेली नाही.

तरीही मुदत ही निव्वळ रसायनाने ठरलेली गोष्ट नाही, याचा उत्तम पुरावा लिब्रेच देतो. २०१४ मध्ये युरोपात तो १४ दिवसांचा म्हणून आला. २०१७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती १० दिवसांची, तीही सुरुवातीच्या १२ तासांच्या प्रतीक्षेसह. २०१८ मध्ये तिथेही १४ दिवस झाले. चकती त्याच घराण्यातली, माणसाची त्वचा तीच. बदलला तो नियामकापुढे मांडलेला पुरावा. भारतात डॉक्टरांनी लावायचा लिब्रे प्रो २०१५ मध्येच आला, १४ दिवसांचा. दर १५ मिनिटांना एक, असे १,३४४ आकडे त्यात मावतात. म्हणजे अमेरिकेत दहाव्या दिवशी जो काढून टाकला जात होता, त्याचा भाऊबंद पुण्यातल्या दंडावर आणखी चार दिवस अधिकृतपणे चालत होता.

उलट बाजूचा आकडाही तितकाच बोलका. एप्रिल २०२५ मध्ये जी७च्या १५ दिवसांच्या सेन्सरला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याच्या माहितीपत्रकात कंपनीनेच लिहिलंय, चाचणीत ७३.९ टक्के सेन्सर पूर्ण १५ दिवस टिकले. म्हणजे चारांतला साधारण एक आधीच गेला. अधिकृत मुदतीतच हा हिशेब असेल, तर १५ चे २० करू पाहणाऱ्याने आपण कशावर पैज लावतोय ते ओळखावं.

१९९९ साली आलेला पहिला सीजीएम ३ दिवसांचा होता. २००६ मधला डेक्सकॉमचा पहिला सेन्सरही ३ दिवसांचा. त्यानंतर ७, १०, १४, १५ असा चढता क्रम आहे. त्वचेखाली बसवायचा एव्हरसेन्स २०२४ मध्ये ३६५ दिवसांवर पोचला. त्यात सेन्सर वर्षभर आत राहतो आणि वरचा ट्रान्समीटर रोज काढून चार्ज करायचा असतो. मुदत वाढते आहे, पण प्रत्येक पायरी चाचणीने चढलेली आहे.

पुण्याचा उन्हाळा आणि टापकीर गल्ली

मुदतीपर्यंत पोचण्याआधीच मुदत खाणारी गोष्ट म्हणजे उष्णता. जी६चा सेन्सर २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचा असतो, लिब्रे २ चा २ ते २८ मध्ये. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पारा ३८-४० ला टेकतो. सदाशिव पेठेतल्या औषधबाजारातून घेतलेलं खोकं दुपारी दुचाकीच्या डिकीत ठेवून लक्ष्मी रोडवर आणखी दोन कामं उरकली, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षाही वर जातं. खोक्यावरची तारीख तशीच राहते, पण ती ज्या अटीवर छापली ती अट मोडलेली असते. खोकं फ्रीजच्या दारात ठेवावं, फ्रीझरमध्ये नाही. लावल्यावर मात्र चिंता कमी, जी६ १० ते ४२ आणि लिब्रे १० ते ४५ अंशांत काम करतो. पावसाचीही भीती नको. लिब्रे १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो.

दुसरा मोह बुधवार पेठेतला. टापकीर गल्लीत ट्रान्समीटरमध्ये असतात त्या जातीचे बटणसेल घड्याळवाल्यांना लागतात म्हणून सहज आणि स्वस्तात मिळतात. हजारोंचा ट्रान्समीटर आणि किरकोळ किमतीचा सेल, हा विरोध कुणालाही खुपेल. परदेशातल्या हौशी मंडळींनी जी६ उघडून, सेल बदलता येतील अशी सोय करून आणि आतलं घड्याळ १८० दिवसांवर नेऊन ट्रान्समीटर चालवूनही दाखवले आहेत. हे जमतं, पण त्यासाठी काय मोडावं लागतं ते बघा. ट्रान्समीटर पाण्यात टिकतो तो सीलबंद असल्यामुळे. कोरून उघडला की घाम आत जायला वाट मिळते. संपर्कबिंदूंवर गंज चढला की बदलतो तो मोजायचा प्रवाहच, आणि तेव्हा गप्प बसणारा ट्रान्समीटरही खोटं बोलायला लागतो.

मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने परवानगी नसलेल्या मधुमेह-उपकरणांबाबत इशारा दिला, तो अशाच एका प्रसंगावरून. परवानगी असलेल्या सेन्सरचा संदेश एका अनधिकृत उपकरणाने स्वतःच्या सूत्राने वाचला, साखर वारंवार जास्त दाखवली, त्या आकड्यांवर स्वयंचलित पंपाने इन्शुलिन सोडलं आणि रुग्णाला जादा डोस गेला. इथे नोंद घ्यायची ती एवढीच : रीडिंग नुसतं बघायला वापरणं वेगळं आणि त्यावर यंत्राने परस्पर इन्शुलिन देणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात जुगाडाला जागा नाही.

प्रश्न कुणाचा आहे?

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातले बहुतेक टाइप टू. त्यांनी वर्षातून एक-दोनदा चकती लावून आलेख काढला तरी भागतं. ट्रान्समीटरच्या दिवसांचं गणित भिडतं ते टाइप वनला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे भारतात २० वर्षांखालील टाइप वनची मुलं २.२९ लाख आहेत, जगात सर्वाधिक. यांना इन्शुलिन रोज लागतं, साखर रोज मोजावी लागते.

पुणे या बाबतीत सुदैवी शहर. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मधुमेह विभागाने अनेक दशकं काम केलंय. जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा आणि डॉ. वामन खाडिलकर यांच्या चमूने टाइप वन मुलांची वाढ आणि हाडं यांवर सातत्याने अभ्यास केलाय. बावधनला चेल्लाराम मधुमेह संस्था आहे. राज्यात छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था टाइप वन मुलांसाठीच उभी आहे. तज्ज्ञ इथे आहेत. वर्षाचे सव्वा-दीड लाख रुपये कुठून आणायचे, याचं उत्तर मात्र प्रत्येक घर आपापलं शोधतं, आणि मुदतीनंतरचे दिवस मोजायची सवय तिथूनच लागते.

या मोजणीतून एक गोष्ट सुटते : कचरा. लिब्रेची चकती ५ ग्रॅमची. हजार जणांनी वर्षभर वापरली तर २६,००० चकत्या, म्हणजे १३० किलो सेल, तारा आणि प्लास्टिक. सुई असलेले अ‍ॅप्लिकेटर त्याहून किती तरी अवजड. २०१२ सालचा ट्रान्समीटर अर्धं वर्ष चालायचा, आताचा दर पंधरवड्याला फेकला जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणं आहेत. तरी पुण्यात २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या कचरावेचक ताईंच्या हातात हा ऐवज बहुधा ओल्या-सुक्या पिशवीतूनच जातो. अ‍ॅप्लिकेटर झाकण लावून जाड डब्यात आणि चकती ई-कचऱ्यात, एवढं घरून करता येतं.

काय ताणावं, काय नाही

आकडे मांडून झाल्यावर उत्तर बरंच सरळ होतं. चार्ज होणारा ट्रान्समीटर हमीनंतरही खुशाल वापरावा. जो सात दिवस पुरतो तो चालू, जो पाचव्या दिवशी थकतो तो बाद. जी६चा ट्रान्समीटर कुलपापर्यंत चालवायला हरकत नाही, पण ९० नंतरच्या दिवसांत पुढचा घरात तयार हवा आणि लहान मुलाच्या रात्रीच्या गजरासाठी तुटक रीडिंग देणारा ट्रान्समीटर ठेवू नये. त्या वीस दिवसांत रोज दोनदा बोट टोचून पडताळा घ्यायचा, पट्टी २० रुपयांची धरली तर खर्च दर ट्रान्समीटरमागे ८०० रुपये. वर्षाच्या सहा ते अकरा हजारांच्या बचतीतून तो सहज निघतो. सेन्सर मात्र अधिकृत दिवसापुढे ताणून त्या आकड्यावर इन्शुलिन घेऊ नये. खोक्यावरची तारीख उलटलेला, उन्हात राहिलेला सेन्सर स्वस्तात मिळाला तरी स्वस्त नसतो.

आणि कंपन्यांकडून एक गोष्ट मागून घ्यायला हवी. आज खोक्यावर हमी छापलेली असते, कुलूप छापलेलं नसतं. जी६चा १०० आणि ११० हा हिशेब वापरणाऱ्यांनी एकमेकांना सांगत जमवलाय. गोळीच्या पाकिटावर कमाल किरकोळ किंमत ठळक छापायची सक्ती आहे, तशीच इथे तीन आकड्यांची व्हावी : हमी किती दिवसांची, सॉफ्टवेअर कितव्या दिवशी बंद करणार, आणि चाचणीत शंभरातले किती सेन्सर शेवटच्या दिवसापर्यंत टिकले. तिसरा आकडा अमेरिकेतल्या माहितीपत्रकात छापता येतो, तर पुण्यातल्या खोक्यावर छापायला अडचण असू नये. दर दिवसाचा खरा भाव त्या तिन्हींवरून पाचवीतलं पोरही काढेल.